वेबपानावर मराठी शुद्ध, पीडीएफमध्ये मोडकी: पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचा माग

पावती एका आजींच्या हातात होती. मुदत ठेवीची, नुकतीच प्रिंटरमधून निघालेली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरली, मग हात लांब करून बघितली आणि काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बाळा, हे गाव कुठलं गं लिहिलंस?" गावाच्या रकान्यात शिर्डी हवं होतं. छापलं होतं ते असं: आधी श, त्याच्या उजवीकडे कशालाच न चिकटलेली वेलांटी, मग पाय मोडलेला र, शेवटी डी. मुलीच्या स्क्रीनवर त्याच नोंदीत शिर्डी अगदी नीट दिसत होतं.

त्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. हाच बिघाड मी आदल्या वर्षी मार्चअखेरच्या धावपळीत दुरुस्त केला होता. मधल्या काळात सर्व्हर बदलला आणि तो जसाच्या तसा परत आला. त्या दिवसानंतर मी हा विषय मुळापासून धरला. वेबपानावरून मराठी पीडीएफ काढणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शाळेचा दाखला असो, गृहनिर्माण संस्थेचं बिल असो की दवाखान्याची पावती, हे दुखणं एकदा तरी भेटतंच. आणि ते नुसतं दिसण्याचं दुखणं नाही. ठेव पावती हा पुरावा असतो. उद्या वारसाला ती दाखवून पैसे मागायचे असतात. त्यावरचं नाव-गाव वाचता आलंच पाहिजे.

आधी मोडतोड कशी दिसते ते बघा

"मराठी येत नाही" एवढ्या तक्रारीवरून काहीच कळत नाही. काय छापलं गेलंय ते जवळून पाहिलं की निम्मं निदान तिथेच होतं.

अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन आले असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त निवडलेल्या फाँटमध्ये ती अक्षरं नाहीत. अक्षरं ओळखू येतात पण वेलांटी चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं सुटी आणि रफार खाली उतरलेला असेल तर फाँट आहे, पण अक्षरजुळणी झालेली नाही. आजींच्या पावतीवर हेच झालं होतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए (à) आणि त्याच्या शेजारी चलनाच्या खुणेसारखं गोल चिन्ह (¤), अशी जोडी सारखी सारखी दिसत असेल तर यूटीएफ-८ (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा सामाईक संकेत, साठवण्याची रूढ रीत) मजकूर कुणीतरी जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचला आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचं असतं आणि सगळ्यांचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तो ए इतक्या वेळा दिसतो. पानावर एचटीएमएलच्या (वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्या) अगदी सुरुवातीला यूटीएफ-८ ची नोंद आहे का ते तपासा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

प्रश्नचिन्हांची रांग मात्र फसवी आहे. तिची कारणं दोन. एक तर डेटाबेसच्या जोडणीवर यूटीएफ-८ सांगितलेलं नसतं आणि मजकूर वाटेतच हरवतो. किंवा मजकूर धडधाकट पोहोचतो, पण पीडीएफ लायब्ररी, म्हणजे पीडीएफ बनवून देणारा तयार कोड, तिच्या मूळ फाँटात लिहायला जाते. पीडीएफच्या मानकात पहिल्यापासून धरलेले १४ फाँट आहेत, त्यांत देवनागरी नाही. डोमपीडीएफ ही अशीच एक लायब्ररी अशा वेळी न मिळालेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. दोन्ही कारणांचा उपाय वेगळा आणि दिसणं एकच, म्हणून लोक डेटाबेस दुरुस्त करत बसतात आणि खोट फाँटात असते. उलटही होतं.

आणखी एक प्रकार जुन्या संस्थांमध्ये दिसतो. नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं यांचं निरर्थक मिश्रण छापलं जातं. तो बिघाड पीडीएफचा नाही. ती नोंद श्रीलिपी किंवा आयएसएमच्या काळात, युनिकोड रुळण्याआधीच्या फाँटात टाइप झालेली आहे. तिथे अक्षराचा आकार मराठी असायचा, पण आत साठवलेला संकेत रोमन अक्षराचाच. अशा नोंदी त्या त्या फाँटाच्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि आणल्यावर माणसाने वाचाव्या लागतात.

एक पायरी जी मी आता कधीच गाळत नाही

लायब्ररीच्या हातात एचटीएमएल देण्याच्या अगदी आधीच्या ओळीवर तो एचटीएमएल एका फाइलमध्ये जतन करा. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. तिथे मराठी चुकलं असेल तर तुमचा डेटा किंवा टेम्प्लेट (पावतीचा साचा) चुकलं आहे, पीडीएफ लायब्ररीला हात लावू नका. तिथे बरोबर असेल तर डेटाबेस विसरा, पुढचा सगळा शोध फाँट आणि लायब्ररी यांच्यात घ्यायचा. दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे माझे दोन दिवस गेले आहेत.

शिर्डीचं काय होतं

शिर्डी हा शब्द संगणकात ६ संकेतांनी साठवला जातो: श, वेलांटी, र, हलन्त, ड, दीर्घ वेलांटी. हा उच्चाराचा क्रम आहे. कागदावरचा क्रम निराळा असतो. ऱ्हस्व वेलांटी श च्या आधी, म्हणजे डावीकडे यावी लागते. र आणि हलन्त मिळून रफार होतो आणि तो मागे न राहता पुढच्या डी च्या डोक्यावर जाऊन बसतो. साठवणीच्या क्रमातून कागदाच्या क्रमात नेणं आणि योग्य जोडरूप निवडणं, हे काम फाँट एकटा करत नाही. फाँटमध्ये त्याचे नियम असतात, ओपनटाइप या फाँट-मानकाच्या तक्त्यांमध्ये लिहिलेले. ते नियम वाचून राबवणारं वेगळं इंजिन लागतं. क्रोम, फायरफॉक्स, लिनक्सवरची बहुतेक सॉफ्टवेअरं यासाठी हार्फबझ नावाचं इंजिन वापरतात. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं आपोआप घडतं आणि आपल्याला असं काही काम असतं याचा पत्ताही नसतो.

सर्व्हरवरची पीडीएफ लायब्ररी म्हणजे ब्राउझर नव्हे. तिच्यात हे इंजिन असेल तर असेल. नसेल तर ती साठवणीच्या क्रमाने एकेक आकृती उचलून शेजारी शेजारी ठेवते. इंग्रजीला तेवढं पुरतं. मराठीला पुरत नाही. त्यामुळे "फाँट बदलून बघा" हा सल्ला मोडक्या जोडाक्षरांना लागू पडत नाही. तो चौकोनांवरचा उपाय आहे.

कोणत्या लायब्ररीत काय करता येतं

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत डोमपीडीएफ आणि टीसीपीडीएफ या दोघींमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी नाही. डोमपीडीएफसोबत येणाऱ्या डेजाव्हू फाँटमध्ये देवनागरी नाहीच, आणि तुम्ही दुसरा फाँट जोडलात तरी चौकोन जाऊन त्यांच्या जागी मोडकी अक्षरं येतील. डोमपीडीएफ इंग्रजी बिलांसाठी चांगली, हलकी लायब्ररी आहे. मराठीसाठी तिच्यावर आणखी वेळ घालवू नका. आमच्या पतसंस्थेत सर्व्हर बदलताना नेमकं हेच झालं. जुन्या सर्व्हरवर मी एमपीडीएफ ही पीएचपीचीच तिसरी लायब्ररी हाताने बसवली होती. नवीन सर्व्हर उभा करणाऱ्याने प्रकल्पाच्या यादीत डोमपीडीएफचं नाव पाहिलं आणि तीच बसवली. कोडमध्ये दोन्हींसाठी वाट ठेवलेली होती, म्हणून कुठेही त्रुटीचा संदेश आला नाही. पीडीएफ बनत राहिली, चुकीची.

शेअर्ड होस्टिंगवर असाल, म्हणजे स्वतःचं काही बसवायची मुभा नसेल, तर एमपीडीएफ हाच व्यवहार्य मार्ग. तिच्या सहाव्या आवृत्तीपासून ओपनटाइप जुळणी तिच्यातच लिहिलेली आहे. पण आपण जोडलेल्या फाँटाला ती आपोआप लागू होत नाही, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. फाँटाची नोंद करताना साध्या, ठळक, तिरप्या वळणाच्या फाइलींची नावं देतो, त्याच नोंदीत यूज-ओटीएल नावाचा पर्याय द्यावा लागतो. दस्तऐवजात त्याची किंमत षोडशमान पद्धतीत लिहिलेली असते. साध्या आकड्यात ती २५५ होते आणि २५५ लिहिलं तरी चालतं. हा पर्याय विसरलात तर फाँट बरोबर, अक्षरं मोडकी. मी पाहिलेल्या एमपीडीएफच्या तक्रारींपैकी बहुसंख्य या एका ओळीशी येऊन थांबल्या.

एमपीडीएफच्या आणखी काही खोडी सांगून ठेवतो. नोंदीत फाँटाचं नाव लहान रोमन अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायचं. फाइल ट्रूटाइपची हवी. पोस्टस्क्रिप्ट बाह्यरेषांचे फाँट तिला चालत नाहीत, वेबसाठीचे दाबलेले फाँटही नाहीत. गूगलकडून उतरवलेल्या गठ्ठ्यात एकाच फाइलमध्ये सगळी वजनं असलेला फाँट असेल तर तो घेऊ नका, शेजारच्या फोल्डरमधल्या प्रत्येक वजनाच्या सुट्या फाइली घ्या. लिपी ओळखून स्वतः फाँट निवडण्याचे दोन पर्यायही तिच्यात आहेत. ते चालू ठेवले आणि सीएसएसमध्येही (पानाचं रूप ठरवणाऱ्या सूचनांतही) फाँट सांगितला तर कधी कधी तुमचा फाँट बाजूला पडतो, तेव्हा दोन्हीपैकी एकच वाट धरा. मी सीएसएसची धरतो. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरवर वेब सर्व्हरला लिहिण्याची परवानगी आहे ना, हेही बघा. नवीन सर्व्हरवर पहिली आरडाओरड तिथूनच येते.

शीर्षकात आणि तक्त्याच्या मथळ्यातच मराठी जात असेल आणि खालचा मजकूर ठीक असेल, तर कोणतीही लायब्ररी असो, ठळक वळणाची फाइल नोंदवलेली नाही असं आधी धरून चाला. मथळे ब्राउझरच्या रिवाजाने ठळक असतात, त्यांना वेगळी फाइल लागते.

स्वतःचा सर्व्हर असेल तर माझी पसंती दोनच गोष्टींना. पायथॉनमध्ये काम असेल आणि पान साधं, छपाईसाठीच लिहिलेलं असेल तर वीझीप्रिंट ही लायब्ररी. ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या साधनावर आणि हार्फबझवर उभी आहे, त्यामुळे जुळणी पहिल्या दिवसापासून बरोबर असते. पानाचे समास, वरची-खालची पट्टी, पानांचे आकडे सगळं सीएसएसमधून सांगता येतं. फक्त ती जावास्क्रिप्ट चालवत नाही. ज्या पानावरचा मजकूर जावास्क्रिप्टने भरला जातो ते पान तिच्यात कोरं छापलं जाईल, आणि ही गोष्ट एमपीडीएफ व डोमपीडीएफलाही लागू आहे. तसं पान असेल तर बिनचेहऱ्याचा, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा क्रोम, पपेटियर या साधनातून चालवलेला. तुम्ही स्क्रीनवर पाहता तेच इंजिन असल्याने जुळणीची चिंता उरत नाही.

डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ हे जुनं साधन अजून बऱ्याच ठिकाणी चालू आहे. तिची शेवटची आवृत्ती २०२० ची आणि प्रकल्पाचं कोठार (कोड ठेवण्याची जागा) २०२३ मध्ये बंद करून ठेवलं आहे. आत वेबकिट या ब्राउझर-इंजिनाची जुनी आवृत्ती आहे. नवीन कामाला ती घेऊ नका, जुन्या कामातून सवडीने काढा.

क्रोम घेतला म्हणून सुटका नाही

क्रोममध्ये जुळणी बरोबर होते, पण अक्षरं त्याला सर्व्हरवरच्या फाँटातूनच घ्यावी लागतात. तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी फाँट आधीपासून आहेत. सर्व्हरवर सॉफ्टवेअर बंद डब्यात चालवणाऱ्या डॉकरच्या सडपातळ प्रतिमेत बहुधा एकही नसतो. म्हणून लॅपटॉपवर सुरेख, सर्व्हरवर चौकोन. लिनक्सवर एफसी-लिस्ट ही आज्ञा मराठी भाषेची अट घालून चालवा. उत्तरात एकही ओळ आली नाही तर यंत्रावर मराठीचा फाँट नाही, एवढं सरळ आहे. उबुंटू-डेबियनवर नोटो किंवा लोहितचा देवनागरी गठ्ठा बसवा आणि एफसी-कॅश चालवून यादी ताजी करा. त्याहून बरं म्हणजे फाँट फाइली प्रकल्पातच ठेवून सीएसएसमधून स्थानिक पत्त्याने जोडणं, का ते पुढे येईल.

विंडोजवरचा मंगल उचलून सर्व्हरवर ठेवण्याचा मोह होतो. करू नका, तो मायक्रोसॉफ्टच्या परवान्यातला फाँट आहे. मुंबईच्या एकटाइपचा मुक्ता, गूगलचा नोटो आणि टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत, प्रकल्पात ठेवता येतात आणि पीडीएफमध्ये जडवताही येतात. पावत्या आणि उताऱ्यांसाठी मला मुक्ता आवडतो. लहान आकारातही त्याचे आकडे आणि मात्रा स्पष्ट राहतात.

फाँट वेबवरून येत असेल तर क्रोम तो येण्याआधीच पान छापून मोकळा होऊ शकतो. मग दहापैकी एखादी पीडीएफ वेगळ्याच वळणात निघते आणि तो बिघाड तुमच्यासमोर कधीच घडत नाही. छापण्याआधी पानाचे फाँट तयार झाल्याची खूण येईपर्यंत थांबवा.

वरच्या आणि खालच्या पट्टीत मराठी दिसत नाही ही तक्रार फार येते. पपेटियरमधल्या त्या पट्ट्यांना मुख्य पानाचं सीएसएस लागूच होत नाही. फाँटाचा आकार तिथेच, त्याच टेम्प्लेटमध्ये लिहावा लागतो, आणि पट्टीला जागा मिळेल एवढा समास द्यावा लागतो. पानांचे आकडे मराठीत हवे असतील तर त्या पट्टीचा नाद सोडा. क्रोमच्या १३१ व्या आवृत्तीपासून पानाच्या समासात मजकूर ठेवण्याची सीएसएसची सोय आली आहे. पान-गणकाला देवनागरी शैली सांगितली की १, २, ३ असे आकडे येतात.

डॉकरमध्ये मोठ्या पानावर क्रोम मध्येच मरत असेल तर सामाईक स्मृतीचा भाग बघा, डॉकर मुळात ६४ एमबी देतो. क्रोमला तो भाग न वापरण्याचा पर्याय सांगता येतो. आणि प्रत्येक पावतीला नवा क्रोम उघडू नका. ३१ मार्चनंतर सगळ्या सभासदांचे उतारे एकदम काढायला घेतले की उघडे राहिलेले क्रोम साठत जातात आणि रात्रीतून सर्व्हर आडवा होतो. एकच क्रोम उघडा ठेवून त्यात पानं उघडा-बंद करा, ठरावीक संख्येनंतर तो मिटून नवा घ्या.

मराठीची स्वतःची चार ठिकाणं

इथवरचं हिंदीलाही लागू होतं. यापुढचं बहुतेक खास आपलं आहे, आणि यावर लिहिलेलं फारसं सापडत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो.

पहिलं, ऱ्य आणि ऱ्ह. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास आणि आचाऱ्यास ही दोन वेगळी माणसं. हा अर्धा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर. दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह आणि पुढचं अक्षर. कोणत्या कळफलकाने टाइप केलं त्यावर ते ठरतं. चांगल्या फाँटात दोन्ही सारखेच दिसतात. आमच्याकडे फॉर्ममधून आलेला मजकूर स्वच्छ करणारं एक छोटं फंक्शन होतं, ते सगळी अदृश्य चिन्हं काढून टाकायचं. त्याने दुसऱ्या रीतीतलं जोडचिन्ह खाल्लं आणि गोऱ्हे गावचे सभासद गोर्हे गावचे झाले. पीडीएफ लायब्ररीला मी बराच वेळ दोष देत होतो. एचटीएमएल जतन करून पाहिल्यावर कळलं की चूक तिच्यापर्यंत पोहोचण्याआधीच झाली होती. आता आम्ही नोंद घेतानाच दुसरी रीत पहिलीत बदलून घेतो. त्याने शोधही सुधारला, कारण एकच आडनाव दोन प्रकारे साठलेलं असलं की एकाने शोधल्यावर दुसरं सापडत नव्हतं.

दुसरं, ल आणि श. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. राज्य सरकारच्या २०२२ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं आहेत. बऱ्याच फाँटांमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि मराठी रूप आत ठेवलेलं असतं, भाषा मराठी आहे असं कळलं तरच बाहेर येणारं. म्हणून पानाच्या अगदी पहिल्या खुणेत (टॅगमध्ये) भाषेचा संकेत हिंदी किंवा इंग्रजी न ठेवता मराठीचा, एम-आर असा लिहा. टेम्प्लेट कुठून तरी उचललेलं असतं आणि त्यात इंग्रजीचा संकेत तसाच राहून जातो. ते करूनही रूप बदललं नाही तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात मराठी रूपंच मूळ धरलेली आहेत.

तिसरं, ॲ. ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या फाँटांत ते नाही, तेव्हा सबंध पान नीट आणि फक्त वकिलांच्या नावाआधी चौकोन असं दिसतं. चौथं, रुपयाचं चिन्ह. ते २०१० चं. जुन्या फाँटात आणि पीडीएफच्या मूळ १४ फाँटांत ते मिळणार नाही. रकमेचा रकाना इंग्रजी फाँटात ठेवण्याची सवय असेल तर तिथेच प्रश्नचिन्ह येतं. रकमेलाही मराठी मजकुराचाच फाँट लावा, किंवा सरळ रु. लिहा.

डोक्यावरच्या मात्रा, तक्ते, चित्रं

हे भराभर सांगतो. तक्त्याच्या ओळीत रफार, अनुस्वार किंवा दोन मात्रा वरून कापल्या जात असतील तर ओळीची उंची फार कमी ठेवली आहे. इंग्रजीच्या टेम्प्लेटमध्ये ती १ किंवा १.२ असते, मराठीला मी १.५ च्या खाली जात नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवणारी सीएसएसची सूचना मराठीवर लावू नका, शिरोरेषा तुटते.

तक्ता दुसऱ्या पानावर गेल्यावर मथळा परत यायला हवा असेल तर मथळ्याच्या ओळी तक्त्याच्या शीर्ष-भागात हव्यात, साध्या ओळीत नकोत. ओळ दोन पानांत चिरू नये यासाठी प्रत्येक ओळीला आतून न तोडण्याची सूचना द्या. एमपीडीएफमध्ये रुंद तक्ता पानात मावला नाही की ती सगळा तक्ता आक्रसून टाकते आणि उतारा भिंगाशिवाय वाचता येत नाही. ते आक्रसणं बंद करण्याचा पर्याय आहे, पण खरा उपाय रकाने कमी करणं किंवा पान आडवं घेणं हाच. तिच्यात फ्लेक्स आणि ग्रिड चालत नाहीत, मांडणी तक्त्यांनीच करा. वर्षभराचा मोठा उतारा एकदम दिला तर पीएचपीची दहा लाखांची एक मर्यादा आडवी येते आणि संदेशातही तिचंच नाव असतं. मर्यादा वाढवा, किंवा महिन्यागणिक वेगळा तक्ता करून तुकड्यातुकड्याने द्या.

संस्थेचं बोधचिन्ह किंवा सही येत नसेल तर बहुधा तो पत्ता लॉगिनच्या आड आहे. तुमच्या ब्राउझरकडे लॉगिनची ओळख असते, सर्व्हरवरच्या लायब्ररीकडे नसते. सर्वांत निर्धोक वाट म्हणजे चित्र बेस-६४ या रीतीने मजकुरात बदलून एचटीएमएलमध्येच घालणं. डोमपीडीएफमध्ये बाहेरची चित्रं आणणं मुळातच बंद असतं.

दिसतं बरोबर, पण शोधता येत नाही

पीडीएफ छान दिसते, पण त्यातलं नाव शोधलं तर सापडत नाही, नक्कल करून दुसरीकडे चिकटवलं तर मोडकं येतं. पीडीएफमध्ये अक्षरं नसतात, फाँटातल्या आकृत्यांचे क्रमांक असतात. कोणती आकृती कोणत्या अक्षराची, याचा एक तक्ता फाइलसोबत जातो. मराठीत एका आकृतीत दोन-तीन संकेत मिसळलेले असतात आणि काहींची जागाही बदललेली असते, म्हणून तो उलटा प्रवास अचूक होत नाही. लायब्ररीगणिक कमी-जास्त होतं, पूर्ण भरवसा कुणावरच ठेवता येत नाही. त्यामुळे पीडीएफ हा साठवणीचा दस्त मानू नका. मूळ मजकूर डेटाबेसमध्ये युनिकोडमध्ये ठेवा आणि शोध तिथे घ्या. पावतीवर पावती क्रमांक इंग्रजी आकड्यांतही (1, 2, 3) छापा, तो तरी शोधाला लागतो.

परत येऊ नये म्हणून

हा बिघाड परत का येतो, तर तो कोडमध्ये नसतो. तो यंत्रावर बसवलेल्या फाँटात, लायब्ररीच्या आवृत्तीत आणि एखाद्या पर्यायात असतो. यंत्र बदललं की ते सगळं मागे राहतं. आणि पीडीएफ बनताना त्रुटी येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. कळतं ते काउंटरवर.

म्हणून फाँट फाइली प्रकल्पाच्या कोठारात ठेवल्या. लायब्ररीची आवृत्ती पक्की बांधली. डोमपीडीएफची वाट कोडमधून काढूनच टाकली. एमपीडीएफ मिळाली नाही तर पावती न छापता थांबायचं आणि संदेश द्यायचा.

आणि एक कसोटीचं पान केलं. त्यावर एकच तक्ता आहे. साध्या वळणात आणि ठळक वळणात तेच शब्द: शिर्डी, कीर्ती, त्र्यंबकेश्वर, ज्ञानेश्वर, दर्या, दऱ्या, गोऱ्हे, कुऱ्हाड, निश्चिंत, लक्ष्मी, विठ्ठल, शाश्वत, ॲडव्होकेट, बँक, ₹ १,२५,०००. सर्व्हरवर काहीही बदललं की हे पान पीडीएफ होतं, त्याचं चित्र काढलं जातं आणि आधी तपासून ठेवलेल्या चित्राशी पिक्सेलने जुळवलं जातं. फरक निघाला तर बदल पुढे जात नाही. पीडीएफमधला मजकूर काढून तुलना करू नका, कारण वर सांगितल्याप्रमाणे तो बरोबर पीडीएफमधूनही मोडका निघू शकतो आणि मोडक्या पीडीएफमधून बरोबर. चित्रच हवं. पहिलं चित्र मान्य करताना शब्द न् शब्द डोळ्यांनी वाचा, शक्य झालं तर संगणकाशी संबंध नसलेल्या कुणाकडून तरी वाचून घ्या. आमचं पान काउंटरवरच्या त्याच मुलीने वाचलं. विठ्ठलमधला ठ्ठ आडवा मोडतोय की एकाखाली एक येतोय, हे तिनेच विचारलं. मला ते दिसलंही नव्हतं.

चुकीच्या निघालेल्या पीडीएफ मात्र दुरुस्त होत नाहीत, त्या परत बनवाव्याच लागतात. त्यासाठी पावतीच्या वेळचं टेम्प्लेट आणि त्या वेळचा मजकूर दोन्ही ठेवलेले असावे लागतात, नाहीतर आजचा पत्ता जुन्या पावतीवर जातो. आमच्याकडे ते होते. बिघडलेल्या काळातल्या पावत्यांची यादी काढून त्या पुन्हा छापल्या, क्रमांक आणि तारीख मूळचीच ठेवून खाली दुय्यम प्रत असं लिहिलं, आणि संस्थेच्या शिपायाने गावागावात फिरून जुन्या गोळा करून नव्या दिल्या.